नवशिक्यांचं प्रवाळ

प्रवाळ हा प्राणी, वनस्पती की दगड, या प्रश्नावर आमच्या सोसायटीच्या कमिटीत जी चर्चा झाली, तशी ती कुठल्याही विद्यापीठात झाली नसेल. विद्यापीठात निदान चर्चेच्या आधी कुणीतरी काहीतरी वाचलेलं असतं.

मी रीतसर अर्ज दिला, तिथेच माझं चुकलं. हॉलमध्ये खाऱ्या पाण्याची टाकी ठेवून तिच्यात प्रवाळ वाढवायचं आहे, तरी परवानगी मिळावी, असा साधा अर्ज होता. वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरने अख्खी बाल्कनी भिंत पाडून खोलीत घेतली, तेव्हा त्याने कुणाला विचारलं नव्हतं. पण मी जन्म वजनमाप खात्यात निरीक्षक म्हणून काढलेला. दुकानादुकानांत जाऊन तराजू तपासायचे, बरोबर असेल त्याला सील ठोकायचं, नसेल तो उचलून आणायचा. शिक्क्याशिवाय काही करायचं म्हटलं की मला अजूनही घाम फुटतो.

"प्राणी असेल तर शेजाऱ्यांची ना-हरकत लागेल," सेक्रेटरी म्हणाले. "कुत्र्यांसाठी केलेला नियम आहे."

"हे भुंकत नाही," मी म्हटलं.

"नियमात भुंकण्याचा उल्लेख नाही."

"मग वनस्पती धरा."

"कुंडीखाली ताटली लागते. एवढ्या टाकीखाली केवढी ताटली आणणार?"

मी वैतागून म्हटलं, दगड धरा. त्याबरोबर आमच्या खालच्या घरातले प्राध्यापक सरसावून बसले. ते इतिहास शिकवतात. सगळं कधी ना कधी कोसळतं, एवढी एकच गोष्ट त्यांना त्या विषयातून कळलेली आहे. "म्हणजे माझ्या डोक्यावर समुद्र, आणि त्यात परत दगड," ते म्हणाले. दगड म्हटल्यावर वजन आलं, वजन म्हटल्यावर इंजिनीअरचा दाखला आला. तो इंजिनीअर घरी आला, हॉलच्या फरशीवर टाचा आपटल्या आणि फरशी मजबूत असल्याचं लिहून देऊन गेला. टाकी ज्यावर ठेवायची, त्या माझ्या गुडघ्याएवढ्या कपाटापुढे त्याने उड्याही मारल्या. शेवटी कमिटीने टाकीला 'ओलं फर्निचर' म्हणून मंजुरी दिली. मी आभार मानले. अशा वेळी आभार मानावे लागतात, हा निवृत्त माणसाच्या नशिबातला सगळ्यात वाईट भाग आहे.

आता हे सगळं कशासाठी, ते एकदा स्पष्टच सांगून टाकतो. निवृत्त झाल्यापासून मला घरात कुणी काही विचारत नाही. आमच्या हिचा कपडे दुरुस्तीचा व्यवसाय आहे. पँटची उंची कमी करायची, चेन बदलायची, कोटाची कंबर सैल करायची. हॉलमध्येच मशीन आहे, आणि सकाळपासून बायका-पुरुषांची रांग. दार मी उघडतो. समोरचा माणूस माझ्या खांद्यावरून आत बघत विचारतो, "ताई आहेत?" परगावी असलेला मुलगा फोन करतो, मी उचलतो, तो म्हणतो, "बाबा, बरे आहात ना? आईला द्या." माझं उत्तर ऐकायलाही थांबत नाही. ज्या माणसाच्या नुसत्या चाहुलीने बाजारातले तराजू सरळ व्हायचे, त्या माणसाला स्वतःच्या घरात टेलिफोनच्या स्टँडपेक्षा जास्त किंमत उरलेली नव्हती.

मला अशी एक गोष्ट हवी होती, जी माझ्यावाचून एक दिवससुद्धा चालणार नाही. झाडं लावून झाली होती. पण त्यांना पाणी ही घालते, जाता-येता, न बघता, आणि तरी ती फोफावतात. मग एकदा कुठेसं वाचलं की प्रवाळाची टाकी ठेवणाऱ्याला गावाला जाता येत नाही. खारेपणा, उष्णता, आम्लता, सगळं रोज मोजावं लागतं, जराही हयगय चालत नाही. माझे डोळे भरून आले. मोजणे हे तर माझं आयुष्य.

हिला सांगितलं, तेव्हा ती शिवणीवरून नजर न उचलता म्हणाली, "ठेवा की. फक्त कात्रीचा खण माझ्या हाताशी राहू दे."

टाकी आली, मशीनच्या शेजारी बसली, मिठाचं पाणी भरलं, खडक रचले. त्यानंतर काही आठवडे त्यात काहीच घालायचं नसतं. पाणी मुरावं लागतं. हे लोकांना कोण समजावणार? कपडे टाकायला येणारा प्रत्येक जण त्या रिकाम्या पाण्याकडे बघून आवाज खाली आणत विचारायचा, "मासे मेले का?" सुरुवातीला मी सगळी प्रक्रिया समजावून सांगत असे. पुढे पुढे मी नुसतं "हो" म्हणू लागलो. लोक हळहळायचे आणि चेन लवकर लावून मागायचे.

मग प्रवाळ आणायचा दिवस आला. प्रवाळाचं दुकान म्हणजे निळ्या दिव्यांचा अंधार. दुकानदार जाडजूड, बोलका, आणि दर वाक्याला स्वतःचीच स्तुती करणारा. त्याने मला एका खालच्या कप्प्यापाशी नेलं. कप्प्यावर पाटी होती: 'नवशिक्यांसाठी'.

मी आयुष्यात कधी कुणाचा नवशिक्या नव्हतो. खात्यात लागलो त्या दिवशीसुद्धा मला वरिष्ठांनी 'साहेब' म्हटलं होतं, चुकून का होईना.

"हे मश्रूम," दुकानदार गोल गोल मऊ चकत्या दाखवत म्हणाला. "काहीही करा, मरत नाही. ही बटण पॉलिप, हिरवी-केशरी, पसरतात. हे झेनिया, बघा कसं मुठी उघडतंय-मिटतंय. आणि हे लेदर, कधीकधी रुसून मिटून बसतं, वरची कात टाकतं, मग पुन्हा फुलतं. तेव्हा घाबरायचं नाही. साहेब, नव्या माणसाला एकच मंत्र, टाकीत हात घालू नका."

"आणि ते वरचं?" मी विचारलं. वरच्या कप्प्याच्या भिंतीवर एक चित्र होतं. फांद्याफांद्यांचं प्रवाळ, टोकं जांभळी.

"ते तज्ज्ञांचं. जरा पाणी इकडचं तिकडे झालं की पांढरं पडतं. माझ्यासारख्याला जमतं."

त्या 'माझ्यासारख्याला'ने घात केला. मी खालच्या कप्प्यातले चारही प्रकार घेतले, आणि दुसऱ्या गावच्या एका विक्रेत्याकडे फोनवरून जांभळ्या टोकांचं ते तज्ज्ञांचं प्रवाळ मागवलं. दुकानदाराला न सांगता. माणसाला काही गोष्टी स्वाभिमानासाठी कराव्या लागतात, आणि त्यांची फळं पुढे येतातच.

घरी हिने चारही प्रवाळं पाहिली. "ही बटणं छान आहेत," ती म्हणाली. "आणि ही झालर."

"ते लेदर आहे. शास्त्रीय नावाने म्हणायचं तर..."

"झालरच आहे ती. कडेला चुण्या बघा कशा पडल्यात." तिने तोंडात धरलेली टाचणी काढून त्या चुण्या मला मोजून दाखवल्या. संध्याकाळपर्यंत सगळं गिऱ्हाईक बटणं, मुठी, झालर असंच म्हणू लागलं. मी पाठ केलेली लॅटिन नावं माझ्यापाशीच राहिली.

जांभळ्या टोकांचं पार्सल आलं आणि पार्सल ऑफिसात अडकलं. मी खिडकीशी गेलो. आतला कारकून सरळ होता, चहाच्या वेळेतसुद्धा जागेवर होता, म्हणजे भांडायलाही जागा नाही. त्याने खोका काट्यावर ठेवला. "कागदावर लिहिलेलं वजन आणि हे वजन जुळत नाही. कमी भरतंय. तफावत असली की चौकशी लागते."

"अहो, पिशवीतलं पाणी थोडं गळलं असेल. आत जिवंत जीव आहे."

"असेल. पण वजन जुळत नाही."

मग मी काय केलं असेल? मी त्याच्या काट्याचं सील पाहिलं. मनात म्हटलं, मुदत संपलेली असू दे, तार सैल असू दे, एवढंच मागतो. खाली वाकून, चष्मा पुसून पाहिलं. सील चालू वर्षाचं, तार घट्ट, ठसा स्वच्छ. माझ्या जागेवर आलेल्या निरीक्षकाने केलेलं काम होतं ते, आणि निर्दोष होतं. काटा बरोबर होता. कारकून बरोबर होता. नियम तर मी स्वतः पंचवीस-तीस वर्षं लोकांना ऐकवलेला होता. मी आयुष्यभर झिजून जे जग बरोबर केलं, ते माझ्यापुढे खोका धरून बसलं होतं. मला त्याचा अभिमान वाटावा की रडू यावं, ते ठरेना.

"साहेब, चौकशी होईपर्यंत तुम्ही बसा," कारकून म्हणाला. "बाक आहे तिथे."

चौकशी झाली तेव्हा दोन दिवस उलटले होते. खोका उघडला तर आत एक पांढरी काडी आणि असा वास की ऑफिसातल्या कुणीही पुढचं काही विचारलं नाही. ती काडी मी घरी आणली. हिने ती धुऊन उन्हात वाळवली आणि तिच्यावर दोऱ्याची रिळं अडकवली. "फांद्या बऱ्या आहेत," ती म्हणाली. तज्ज्ञांचं प्रवाळ.

आता माझी सगळी भिस्त नवशिक्यांच्या चौघांवर होती. यातलं एकही जाऊ देणार नाही, असा मी चंग बांधला. पेटीभर बाटल्या आणल्या. नळीत टाकीतलं पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे, रंग कार्डाशी ताडून बघायचा. आम्लतेचा आकडा पुस्तकात आठ पॉइंट दोन दिलेला. माझा यायचा आठ पॉइंट एक. एक म्हणजे एक. बाजारात एवढ्या फरकावर मी लोकांचे तराजू उचलून आणले आहेत. मी पावडर टाकली. संध्याकाळी आकडा वर गेला. मी पाणी बदललं. सकाळी खारेपणा खाली गेला. मी मीठ टाकलं. मग उष्णता. मग पुन्हा पावडर. मी सकाळ-संध्याकाळ त्या टाकीच्या मागे लागलो, आणि खरं सांगतो, निवृत्तीनंतर पहिल्यांदा मला बरं वाटत होतं.

प्रवाळांना वाटत नव्हतं. बटणं मिटली ती उघडेचनात. मुठींची उघडझाप थांबली. मश्रूम आक्रसून खडकाला डाग पडावा एवढे झाले. झालरीने कात टाकायला घेतली. ती रुसते हे दुकानदाराने सांगितलं होतं, पण मला बघवेना. मी जुन्या टूथब्रशने ती कात घासून काढली. झालर आणखी मिटली.

मग सल्ले सुरू झाले. प्राध्यापक खालून वर आले, टाकीपेक्षा आमच्या भिंतीचे कोपरे जास्त निरखले, आणि म्हणाले, "प्रत्येक साम्राज्याचा शेवट आतूनच होतो." दातांचे डॉक्टर म्हणाले, अर्धी गोळी अ‍ॅस्पिरिन. कोट सैल करायला आलेल्या एका गृहस्थांनी सांगितलं की त्यांच्या साडूने असलं काही ठेवलं होतं, त्याला ताण फार आला, आता तो बरा आहे. सेक्रेटरींनी विचारलं, फर्निचर कुजलं तर सोसायटीला कळवायचं की नाही. मी दुकानदाराला फोन केला. त्याने आधी स्वतःच्या टाकीचं पाव तास वर्णन केलं आणि शेवटी विचारलं, "हात घालताय का?"

"मोजण्यापुरताच," मी म्हटलं.

ही सगळं ऐकत होती. एकदा फक्त म्हणाली, "अहो, जरा बसा ना दोन दिवस स्वस्थ." मी तिच्यावर खेकसलो. तुला काय कळतंय यातलं, असं म्हटलं. तिने मशीन चालू केलं. त्याचं मला वाईट वाटलं, पण त्यावेळी नळीत थेंब मोजणं चालू होतं आणि मध्ये थांबलं की पहिल्यापासून मोजावं लागतं.

अशात खात्यातून पत्र आलं. नव्या निरीक्षकांचं आठवडाभराचं प्रशिक्षण आहे, अनुभवी अधिकारी म्हणून आपण मार्गदर्शन करावं. मी ते पत्र हिला वाचून दाखवलं, मग गिऱ्हाइकाला, मग खाली जाऊन प्राध्यापकांना. जाण्याआधी बाटल्यांची पेटी नीट लावली. बाटल्यांचा क्रम इकडचा तिकडे व्हायला नको, म्हणून पेटीच्या कडीला तार ओवली आणि माझ्या जुन्या चिमट्याने शिशाचं सील दाबलं. हिला सांगितलं, "मी गेल्यावर पकडीने तोड. सकाळी या क्रमाने, संध्याकाळी त्या क्रमाने. आकडा कमी आला तर ही पावडर. एकही वेळ चुकवायची नाही."

"नाही चुकवणार," ती म्हणाली. "निघा तुम्ही, उशीर होतोय."

मार्गदर्शनाचं सांगतो थोडक्यात. पहिल्या दिवशी मला पुढच्या रांगेत बसवलं आणि हार घातला. दुसऱ्या दिवशी वेळ पुरला नाही. आता काटे यंत्रावर तपासतात, यंत्रच चूक दाखवतं, यंत्रच कागद छापतं. एक तरुण अधिकारी बाई फार अदबीने येऊन म्हणायच्या, "सर, तुमचं सत्र उद्या नक्की." असं रोज उद्या. मी रोज इस्त्रीचा शर्ट घालून, टिपणं खिशात घेऊन, पाहुण्यांच्या खोलीत बसून राहिलो. चहा वेळेवर यायचा. शेवटच्या दिवशी सामुदायिक फोटोसाठी मला मधल्या खुर्चीवर बसवलं, आणि फोटो काढणारा म्हणाला, "आजोबा, जरा डावीकडे."

घरी आलो. दार उघडलं तर ही मशीनवर, आणि शेजारी टाकी. मी पिशवी हातात तशीच धरून उभा राहिलो. बटणं सगळी उघडी, हिरवी आणि केशरी, आणि आधी नव्हती अशी नवी बारकी बटणं खडकाच्या कडेला. मुठी उघडत होत्या, मिटत होत्या. मश्रूम बशीएवढे पसरलेले. झालर पूर्ण फुललेली, तिच्या प्रत्येक चुणीवर बारीक लव हलत होती. इतकं सुंदर मी त्या टाकीत काही पाहिलं नव्हतं. काचेवर पाण्याच्या पातळीशी शिवणाच्या खडूची एक आडवी रेघ होती.

"केलंस का सगळं?" मी विचारलं.

"केलं ना. सकाळ-संध्याकाळ. तुम्ही सांगितलं तस्संच." तिने दोरा दाताने तोडला. "पाणी आटायचं, तर तेवढं फिल्टरचं साधं पाणी रेघेपर्यंत घालत होते. तुमचं कसं झालं तिकडे?"

"झालं. सोडतच नव्हते. सारखं सर हे सांगा, सर ते सांगा."

"मग? मी म्हटलंच होतं," ती म्हणाली.

मी हात धुवायला म्हणून आत गेलो. ओट्याच्या कोपऱ्यात पेटी होती, ठेवली होती तशी. तार घट्ट. शिशावर माझा ठसा स्वच्छ. सील तुटलंय की शाबूत आहे, हे बघण्यात माझं आयुष्य गेलं. या एका बाबतीत मला कुणी फसवू शकत नाही. बाहेर मशीन चालू झालं होतं. मी खणातली पकड काढली, आवाज होणार नाही असं फडकं धरून तार तोडली, आणि शिशाचा तुकडा कागदात गुंडाळून कचऱ्याच्या डब्यात खाली, अगदी तळाशी टाकला. एवढ्या नोकरीत पुरावा नष्ट करायची ही माझी पहिली वेळ.

तेव्हापासून रोज सकाळी मी नळी भरतो. थेंब टाकत नाही. बाटल्या काठोकाठ भरलेल्या आहेत, त्या तिलाही दिसतात. कपड्याची सुताएवढी चूक पाहणारे डोळे आहेत तिचे. नळी घेऊन मी खिडकीच्या उजेडात उभा राहतो, आणि दारात गिऱ्हाईक असलं तरी ही मशीन थांबवते.

"आज किती हो?"

"आठ पॉइंट दोन."

"बरं झालं तुम्ही पाहिलंत," ती म्हणते, आणि मशीन पुन्हा चालू करते. मी आत जाऊन नळीतलं पाणी बेसिनमध्ये ओतून देतो.